एका पोराचे दोन आवाज

विनया नोएडात कार्टूनच्या हिंदी डबिंगचं काम करते. सध्या तिच्या वाट्याला एका जुन्या जपानी मालिकेतला अर्धा पोरगा आलाय. पोरगा मारामारीत पटाईत, पण उचकी लागली की मुलगी होतो. मुलगी झाला की आवाज विनयाचा, एरवी सुजय नावाच्या कुणाचा तरी. दोघांच्या रेकॉर्डिंगचे वार वेगळे. सात महिने एकच माणूस वाटून घेऊनही त्यांची गाठ पडली नव्हती.

सुरुवातीला तिने मुलीचा आवाज गोड गोड लावला आणि सगळा विनोद पडला. मग तिने सुजयचं रेकॉर्डिंग ऐकून त्याचा माज उचलला. लोक पोराला वेणी आली म्हणून हसत नाहीत हो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याला हसतात. आरशात पोरगी दिसत असते आणि हा शड्डू ठोकतो.

विनयाचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी सुखदा बंगळुरूला. दिल्लीत वाढलेली, फोनवरही हिंदीच बोलते. आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. विनयाला बऱ्याच दिवसांत लागलेली नाही. मराठीत दोन शब्द बोलायला घरात कुणी नाही, हे तिला फार लागतं.

एकदा पडद्यावर लाथ खाताना तिच्या तोंडून 'आई गं' निघून गेलं. डायरेक्टरने ते तसंच ठेवलं. पुढच्या आठवड्यात हेडफोनमध्ये सुजयचा भाग लागला. तोही लाथ खाऊन म्हणाला, "आई गं."

बाई हरखल्या. हा पुण्याचा की नागपूरचा, इथपर्यंत मजल गेली. स्वतः त्याची नक्कल करून पोट भरणारी ही बाई. तोही आपली नक्कल करत असेल, हे काही डोक्यात आलं नाही. शुक्रवारी, त्याच्या वाराला, ती थालीपिठं लावून स्टुडिओत पोचली.

"तुम्ही मूळचे कुठले?" तिने विचारलं.

"जी?" सुजय गोंधळला. तो फरीदाबादचा, जन्मापासून तिथलाच. "अच्छा, वो 'आई गं'? वो तो आपका सुनके पकड़ा, मॅडम. मतलब क्या है उसका?"

"दर्द में माँ को बुलाते हैं."

तो ओशाळला. "मुझे लगा कॉमेडी के लिए है."

विनयाला रडू फुटत होतं. तिने ते हसण्यावारी नेलं आणि डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. सुजयने दोन थालीपिठं खाल्ली आणि अगदी मनापासून म्हणाला, "पराठे बहुत अच्छे बने हैं, मॅडम."

"थँक यू," विनया म्हणाली. "और लो."