तेल आणि तडा

कॅमेऱ्याने बाद केलेला भाग उचलायचा, अंगठ्याने पुसायचा, उजेडात धरायचा आणि म्हणायचं, “तेल हाय राव. जाऊ द्या पुढं.” महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात आण्णांचं हे रोजचं. इंजिनाचे ओतीव भाग तपासायचं काम आम्हा दोघांकडे होतं. तडे शोधणारा कॅमेरा बसला त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले. आण्णांनी पेढा खाल्ला आणि कॅमेऱ्याने बाद केलेला अर्धा ढीग चांगला म्हणून पुढे पाठवला.

तेलाचा डाग दिसला की कॅमेऱ्याला तो तडा वाटायचा. आण्णा त्याला ‘आंधळा जावई’ म्हणत. मानपान करायचा, सल्ला घ्यायचा नाही. खरं तर भाग धुऊन कॅमेऱ्यापुढे ठेवायची सोय करायला हवी होती, पण साहेबांनी ती केली नाही. पुसायला आण्णा फुकटात होतेच.

असा माणूस तुमच्याही कामावर असेल. त्याचं दहादा बरोबर निघतं आणि अकराव्यांदा त्याला कोणी काही सांगू शकत नाही.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. डबा अर्धा परत जायचा, पट्ट्याला नवीन भोकं पडली. चाकणच्या डॉक्टरांनी आतड्याचा टीबी धरून गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनीही उतार पडेना, तेव्हा मीच त्यांना वाकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे दुर्बिणीने घेतलेले आतड्याचे फोटो कॉम्प्युटर तपासतो. टीबी आणि क्रॉन्स नावाचा दुसरा एक आजार, दोन्हींचे व्रण इतके सारखे असतात की भलेभले डॉक्टर चकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. कॉम्प्युटरने क्रॉन्स सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या बदलायच्या, आणि औषध जन्मभर घ्यायचं.

“म्हंजी कॅमेऱ्यानं फोटू बघून सांगितलं,” आण्णा म्हणाले.

बाईंनी समजावलं की फोटो त्यांनी स्वतःही पाहिलेत, त्यांचंही मत तेच आहे. पण आण्णांचे कान तोवर बंद झाले होते.

परतताना ते म्हणाले, जुन्याच गोळ्या घेणार. मोशीच्या सिग्नलला मी गाडी बाजूला घेऊन त्यांच्याशी भांडलो. ते सिग्नलकडे बघत म्हणाले,

“टीबी बरा हुतो भावा. कोर्स संपला की मानूस मोकळा. जन्माचं दुखनं घिऊन कंत्राटावर कोन ठिवंल?”

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आजही मला त्यांचा राग येतो. त्याहून जास्त येतो तो आमच्या साहेबांचा. त्यांच्या कंजूषपणापायी एक चांगला माणूस रोज आठ तास एकच गोष्ट शिकत राहिला, की यंत्राचं ऐकायचं नसतं.

आण्णांनी जुन्याच गोळ्या कोर्स संपेपर्यंत चालू ठेवल्या. वाळत गेले, पण पाळी बुडवली नाही. एका सकाळी मात्र ते आले नाहीत. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण विष अंगभर पसरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी गेले.

दहाव्याला आण्णांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

“येक बी गोळी चुकवली न्हाई त्यांनी,” त्या म्हणाल्या. “समदा कोर्स पुरा केला. मंग आसं कसं झालं, भावजी?”

वाकडला काय सांगितलं होतं, ते आण्णा घरी बोललेच नव्हते. मी चहा संपवला आणि उठलो.