मामांच्या खिशातला चाकू

आमच्या मामेसासऱ्यांइतका शांत आणि त्यांच्याइतका सशस्त्र माणूस अख्ख्या डोंबिवलीत दुसरा नसेल. पाकीट विसरतील, चष्मा विसरतील, मोबाइल तर बहुधा घरीच वाजत असतो. पण खिशात घडीचा चाकू नाही असा त्यांचा दिवस मी पाहिलेला नाही. स्वतःच्या लग्नात सोवळ्याला खिसा नाही म्हणून त्यांनी तो कनवटीला लावला होता, असं मामी अजून सांगतात. एरवी हा माणूस मुंगीसुद्धा मारत नाही. चाकू लागतो तो दुधाच्या पिशव्या, कुरिअरची खोकी आणि हारांचे दोरे यांच्यासाठी. वाढदिवसाला कुणी भेटवस्तूचा कागद टराटरा फाडला तर मामांना ते बघवत नाही. 'अहो, थांबा,' म्हणत ते उठतात, चिकटपट्टीवर पातं अलगद फिरवतात आणि कागदाची नीट घडी करून यजमानांच्या हाती देतात. तोवर मेणबत्त्या वितळून केकवर आलेल्या असतात.

चाकू मात्र स्वस्तातलाच हवा. माझ्या साडूंनी परदेशातून कात्री, करवत आणि दातकोरणं असलेला लालचुटूक चाकू आणला, तेव्हा मामांनी त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि तो देवघराच्या खणात ठेवून दिला. 'हरवला तर झोप उडेल अशी वस्तू खिशात ठेवू नये,' म्हणाले. 'चाकू महाग झाला की त्याचा दागिना होतो.' खटक्यासरशी उघडणारे चाकूही त्यांना वर्ज्य. त्यांच्या मते ते गुंडांसाठी असतात, आणि गुंडांना धारेतलं काही कळत नाही. एकदा माजिवड्याजवळच्या एका मॉलमध्ये आम्ही सगळे सिनेमाला गेलेलो. दारावरच्या रखवालदाराने चाकू जमा करायला सांगितलं. 'मग मी बाहेरच बसतो,' मामा म्हणाले. आम्ही सिनेमा बघून परतलो तेव्हा ते त्याच्याच स्टुलावर बसून त्याच्या सैल झालेल्या पट्ट्याला नवीन भोक पाडून देत होते.

गेल्या वर्षी जुन्या चाकूचं पातं झिजलं म्हणून ते मला कल्याणच्या बाजारात घेऊन गेले. प्रत्येक चाकू उघडायचा, पातं उलट्या बाजूने दाबून आपोआप मिटत नाही ना ते बघायचं, मूठ बोटावर तोलायची. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, 'काका, नक्की कापायचंय काय?'

'ते ऐन वेळी कळतं,' मामा म्हणाले.

चाकू घेऊन बाजाराबाहेर आलो, तोच समोर एक स्कूटर कचकन थांबली. मागे बसलेल्या मुलीची ओढणी चाकात गुंतून गळ्याभोवती आवळली होती. तिला बोलताही येत नव्हतं. लोक जमून ओढणी ओढत होते आणि फास आणखीच घट्ट होत होता. मामा गर्दीत कधी घुसले कळलंच नाही. 'हलू नको बाळ,' एवढंच ऐकू आलं. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं तिचा गळा आणि कापड यांच्यामध्ये घातली आणि वरून पातं फिरवलं. ओढणी सुटली. मुलगी खोकत खाली बसली. श्वास परत आल्यावर रडत म्हणाली, 'आईची होती ती ओढणी.'

'सॉरी बाळ,' मामा ओशाळून म्हणाले, 'घाईत सरळ नाही कापता आली.'

रिक्षात बसल्यावर मी पाहिलं, त्यांचीच दोन्ही बोटं कापली होती. रुमाल गुंडाळत मी विचारलं, 'मामींना काय सांगायचं?'

'धार चांगली निघाली, असं सांगू.'

अलीकडे मामांचा उजवा हात थरथरतो. मामींनी चाकू काढून घेतलेला नाही. फक्त फळं त्या आता आतूनच चिरून आणतात. परवा मात्र, का कोण जाणे, त्यांनी अख्खे चिकू आणून मामांपुढे ठेवले. मामांनी चाकू काढला. पातं उघडायला बराच वेळ लागला. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत राहिलो. टीव्ही बंद होता. मग त्यांनी मूठ माझ्याकडे करून चाकू पुढे धरला.

'कापा, जावईबापू. आज मी नुसता खातो.'

मामी मीठ आणायला म्हणून आत गेल्या. चिकूला मीठ लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.