गरिबांच्या गल्लीतला फ्रीज

आमचा जुना फ्रीज गार करेनासा झाला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तो दान केला. मेकॅनिकने त्यातला कॉम्प्रेसर आधीच काढून नेला होता, म्हणजे उरलं होतं ते एक पांढरं लोखंडी कपाट. आमच्या केळीच्या शेतात निंदणीला येणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, नवरा वारलेला, पदरात दोन मुली. सासऱ्यांनी ट्रॅक्टरवर घालून फ्रीज तिच्याकडे पोचवला. त्या दिवशी ते दोन चपात्या जास्त जेवले.

तिला खरोखर आनंद झाला. घर कुडाचं, भिंतीतून उंदीर कुठूनही येत. फ्रीजचं रबर मात्र अजून घट्ट होतं. तिने त्यात ज्वारीचं पीठ, मीठ, मुलींची दप्तरं आणि खालच्या भाजीच्या खणात लग्नातली साडी ठेवली. रेशनकार्ड बर्फाच्या कप्प्यात.

पुढच्या वर्षी घरकुलांचा सर्व्हे आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे मोबाइलवरचं ॲप घेऊन घरोघर फिरायचं काम माझ्याकडे आलं. सोबतीला तरुण ग्रामसेवक.

तिच्या दारात गेलो तर तिने धावत जाऊन शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणली. "बठा बाई, चहा ठेवस," म्हणाली. मी बसले आणि प्रश्न विचारू लागले. दुचाकी? नाही. पंप? नाही. मग फ्रीज आला. माझा अंगठा तिथेच थांबला.

"शे ना," तीच म्हणाली. "तुमीच दिधा. पीठ शे त्यामा."

मी ग्रामसेवकाकडे पाहिलं. "अहो, यात मशीनच नाही. हा गार करत नाही."

"बाई, मोबाइल गार करतो का ते विचारत नाही. आहे की नाही एवढंच विचारतो. आणि घराच्या आतला फोटोही मागतो."

"आहे" दाबलं की काय होतं ते त्याने मला दुसऱ्या एका घराच्या नोंदीत दाखवलं. लाल अक्षरांत 'अपात्र'. मी मोबाइल बंद केला आणि म्हटलं, उद्या परत येते, तोवर हा बाहेर काढा. सरकारी काम करणाऱ्या माणसाने असं सांगावं का, हा प्रश्न मला घरी गेल्यावर पडला. तेव्हा पडला नाही.

संध्याकाळी तिने पीठ डब्यात भरलं आणि तिघी मायलेकींनी फ्रीज ढकलत शेजारणीच्या दारात नेला. शेजारीण उंबऱ्यातच आडवी आली. "माय वं, मन्हा घरमा नको! सकाय मन्हा सर्वे शे!" तिच्या पलीकडच्या म्हातारीचा सर्व्हे परवा होता. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्याने तर दाराला आतून कडी घातली. ज्या फ्रीजकडे वर्षभर सगळी गल्ली कौतुकाने बघत होती, त्याला आता कोणी ओट्याला टेकू देईना. शेवटी तो निंबाखाली उभा राहिला. तिथेही एकाने तक्रार केली, की फोटोत त्याचं घर आणि मागे फ्रीज असं एकत्र दिसतं. मग सगळ्यांनी मिळून तो पंचायतीच्या कार्यालयासमोर नेऊन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी गेले, 'नाही' दाबलं, फोटो काढला. पण गोष्ट गावभर झाली होती आणि ग्रामसभेत निघालीच.

ग्रामसभेत माझे सासरे उठले. घरात ते गुजरी बोलतात, गावात अहिराणी, पण सभेत शाळेतली मराठी. त्यांनी शेतातल्या पत्र्याच्या खोलीसाठी स्वतःचंही नाव यादीत दिलं होतं. ते म्हणाले, "ज्याच्या घरी कालपर्यंत फ्रीज होता तो माणूस गरीब कसा? गरिबी म्हणजे काय, हे आधी ठरवा. आमच्याकडे जमीन दिसते, पण हातात काही उरत नाही. खरे गरीब आम्ही."

बऱ्याच लोकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या कितीतरी जणांचे बंगले मला ठाऊक होते.

तेवढ्यात ती मागून उठली. सभेत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. "आबा, तुम्हनाच फ्रीज शे ना तो? मंग लई जा परत."

सभा हसली. सासरे हसले नाहीत. "दान दिलेली वस्तू परत घेत नसतात," ते गंभीरपणे म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तत्त्वाचा माणूस.

"मग आता हा फ्रीज कोणाचा?" ग्रामसेवकाने विचारलं. आणखी दोनदा विचारलं आणि मग रीतसर पंचनामा केला: एक बेवारस फ्रीज, पांढरा, दार चालू. खाली पाच जणांच्या सह्या झाल्या, त्यांत माझ्या सासऱ्यांचीही. पंचायतीने त्यात सर्व्हेचे कागद ठेवायला सुरुवात केली, कारण कार्यालयातही उंदीर होते.

घरी मी सासऱ्यांशी आठवडाभर नीट बोलले नाही. त्यांना कारण कळलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण फ्रीज दान करण्याची कल्पना मुळात माझी होती.

यादी लागली. तिचं नाव होतं, पण फार खाली. ती शाळेत मला शोधत आली आणि मधल्या सुट्टीत पायरीवर बसली.

"बाई, यादीमा वर जावाले घरमा आखो काय काय नको?"

मी मोबाइल उघडून तिला सगळे प्रश्न परत वाचून दाखवले. चारचाकी? "नही." ट्रॅक्टर? "तेबी नही!" सरकारी नोकरी? या प्रश्नाला ती एवढ्या मोठ्याने हसली की वर्गातली पोरं बाहेर आली. प्रत्येक 'नही'ला तिचा चेहरा उजळत होता, तोंडी परीक्षेत एकामागून एक बरोबर उत्तरं देणाऱ्या मुलीसारखा. शेवटचा प्रश्न संपल्यावर तिने विचारलं, "सगळं बरोबर ना?"

"सगळं बरोबर," मी म्हटलं.

दोन वर्षांनी तिचा नंबर लागला. सध्या भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. विटांना पाणी मारून ती सकाळी आमच्या शेतात निंदणीला येते.