विडा मालकाचा, अंगठा कुळाचा

या, असे जवळ बसा. दारातूनच विचारता, "आज्जी, कूळकायदा कसा झाला?" आणि उत्तर यायच्या आत चपला घालता. कायदा काय उभ्या उभ्या होतो का? ज्यांचे फोटो भिंतीवर आहेत, त्यांचं मला विचारू नका. मी सांगणार आहे ते आमच्या भागातल्या एका आमदाराचं. त्यांची खूण एकच. बोलता बोलता टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, की समजावं, आता हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

नाव सांगत नाही. एकदा कुणीतरी गेरूनं भिंतीवर त्यांचं नाव रंगवलं, तर स्वतः तांब्या घेऊन पुसत बसले होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला आक्का म्हणायचे, माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे असून.

ओळख टोप्यांवरून झाली. परभणीत स्टेशनच्या वाटेवर माझं शिलाई मशीन होतं, पुढं गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झालेली, ज्याला त्याला खादीची टोपी पाहिजे. पक्ष एकच, पण टोप्या दोन तऱ्हेच्या. वकील, मास्तर, जेलात जाऊन आलेले, ते ताठ सरळ घालायचे. जमीनजुमल्यावाले जरा उजवीकडं तिरपी घालायचे. मी मनातल्या मनात सरळटोपे आणि तिरपेटोपे म्हणायची. दोघेही माझ्याच बाकावर बसून एकमेकांच्या चुगल्या करायचे. शिवणाऱ्या बाईला कान असतात, हे पुरुषमाणसांच्या ध्यानात कुठं येतं?

भाऊंना मी विचारलं होतं, "तुमची कशी शिवू?"

"डोक्याला बसंल अशी शिव, आक्का. गटाला बसवायची न्हाई."

आता ज्यासाठी माझा जीव टांगला होता ते ऐका. माझा दादा पेडगावला बटईनं जमीन करायचा. म्हणजे जमीन मालकाची, कष्ट आमचे, माल निम्मा निम्मा. आज्यापासून तीच जमीन, पण कागद एक नाही. दर पाडव्याला मालक पारावर सगळ्या गावासमोर विडा द्यायचे. विडा खाल्ला, की त्या वर्षाची पेरणी तुमची. विडा नाही दिला, तर बैल सोडायचे आणि निघायचं.

आणि तिकडं हैदराबादच्या विधानसभेत बिल आलेलं. कायदा लागू होईल त्या दिवशी जो जमीन करतो, त्याला मालकानं उठवायचं नाही. आता तुम्हीच सांगा, हे कानावर आल्यावर मालक लोक काय करतील? त्या दिवसाच्या आत कुळं उठवतील! म्हणून भाऊंची एकच घाई, पाडव्याच्या आत कायदा.

अडवलं कुणी? समोरच्या बाकावरचे विरोधक तर बिल आणा म्हणून ओरडत होते. अडवणारे घरचेच.

तिरप्या टोपीचे एक पुढारी माझ्या बाकावर बसून भाऊंना म्हणाले, "आमदारसाहेब, आमी काय कायद्याच्या इरोधात हाव का? जरा दमानं घ्या. पाडवा जाऊ द्या."

हे मला कळलं. जमीन जाणाऱ्याचा पाय जड असणारच. पण चार दिवसांनी सरळ टोपीचे वकीलसाहेब आले, ते काय म्हणाले ऐका. "भाऊ, बिल मांडणारा मंत्री आपल्या गटाचा नाही. आपण हात वर करायचे आणि जिल्हाभर जयजयकार त्याचा? आपला मंत्री होऊ द्या, याच्याहून चांगलं बिल आणू."

भाऊंची टोपी गुडघ्यावर आली. "तवर कुळानं कुठं बसावं, वकीलसाहेब? तुमच्या ओट्यावर?"

"पुढचं तिकीट कुणाच्या हातात आहे, ते विसरू नका."

"द्या की कुणालाबी. मी काय आमदारकी घेऊन जन्माला आलतो?"

मग बिल समितीकडं गेलं. समितीत सरळे किती अन् तिरपे किती, यावर पंधरवडा गेला. समिती बसली, तर हे आले की ते चहाला उठायचे. भाऊ रेल्वेनं परत आले, की घरी जायच्या आधी माझ्या बाकावर टेकायचे.

"झालं का भाऊ?"

"न्हाई. आज एका शब्दावर अडलंय."

"असा कुठला शब्द?"

"शब्द खोडायचा, हे दोघांलाबी मंजूर हाय. खोडायला उठायचं कोणी, याच्यावर अडलंय."

मी हसले, पण मशीनवर पाय चालेना. पाडवा आला आणि बिल तसंच समितीत. आदल्या दिवशी दादाचा निरोप आला, यंदा मालकानं पटवाऱ्याला बोलावलंय, विड्यासंगं कागद हाय, अंगठा लावायचाय. भाऊंना सांगितलं, तर म्हणाले, "राजीनामा हाय तो. राजीखुशीनं जमीन सोडतो म्हणून. आक्का, उद्या सकाळी बैलगाडी सांग."

पेडगावला पोहोचलो तर पारावर मालक बसलेले. तिरप्या टोपीचेच, टोपी मीच शिवलेली. पुढं विड्यांची पितळी थाळी, बाजूला पटवारी, शाईची डबी. पहिला माझाच दादा. मी त्याला बाजूला ओढून कागदात काय आहे ते सांगितलं. त्याला कळलं. कळूनही काय म्हणाला?

"असंल गं. पण मानाचा विडा हाय. आज्यानं खाल्ला, बापानं खाल्ला. मालक हात पुढं करायलेत अन् मी न्हाई म्हणू? गावात तोंड कसं दाखवू?"

अशी आमची माणसं! जमीन जाईल ती जाऊ दे, पण विड्याला नाही म्हणायचं नाही.

भाऊ सरळ पारावर चढले आणि मालकांशेजारी मांडी घालून बसले. "मालक, हे विडे कुणाचे?"

"माझ्या कुळांचे. रीत हाय आमची."

"रीतीत अंगठा कवापासून आला?"

"आमदार, तुमी आपल्याच पक्षाचे. घरातलं घरात बोलू."

टोपी गुडघ्यावर आली. भाऊंनी थाळी ओढली, एक विडा उचलला आणि दादाकडं बोट करून म्हणाले, "हा ह्येचा." आणि खाल्ला. "हा ह्येच्या शेजाऱ्याचा." तोही खाल्ला. नऊ कुळं, नऊ विडे. पाचव्याला चुन्यानं जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी थांबले नाहीत. धोतरावर लाल ओघळ.

मालक ओरडले, "माझ्या कुळांचे विडे तुमी कोण खाणार?"

भाऊंनी तोंडातलं कसंबसं गिळलं. "ह्येंनी मला मतं दिलीत. ह्येंच्या वतीनं हैदराबादला तोंड उघडतो, हितंबी उघडलं! मालकानं इडा दिला, गावासमोर खाल्ला, वरीस पक्कं. अंगठा ज्येच्या त्येच्या हाताला राहू द्या."

आधी आमची वहिनी हसली. मग सगळ्या बाया. मग गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस काठी टेकत उठला आणि म्हणाला, "वरीस पक्कं. रीत हाय." म्हाताऱ्याचा शब्द मोडायचा नाही, हीही रीतच. पटवाऱ्यानं डबी मिटली.

परतताना गाडीत भाऊंना नीट बोलताही येत नव्हतं. मी गूळ दिला. तो जिभेवर धरून बसले. मग म्हणाले, "एका गावचे इडे खाल्ले, आक्का. बाकीच्या गावांचे कोण खाणार?"

बाकीच्या गावांत त्या दिवशी अंगठे उठले. किती, ते कुणी मोजलं नाही. भाऊ मात्र ते विसरले नाहीत.

त्याच वर्षात कायदा झाला. कसा, तर दोन्ही गटांचं जमलं. तिरप्यांना पळवाट मिळाली, स्वतः करतो म्हणून मालकाला थोडी जमीन काढून घेता येईल अशी. सरळ्यांना कुठल्याशा मंडळावर खुर्ची मिळाली. भाऊ त्या पळवाटेविरुद्ध बोलले, आणि आपल्या सगळ्या बाकांतून त्यांचा एकट्याचा हात वर गेला. पुढच्या निवडणुकीला तिकीट कापलं.

तर हा माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर हजर! "आता येळच येळ हाय. कुळांचे अर्ज लिव्हायला बसू." तीन वर्षं बसले. त्या अर्जांवरूनच मी अक्षरं गिरवली. मला पहिला लिहिता आलेला शब्द 'कब्जा' आहे, हसू नका.

महाराष्ट्र व्हायच्या आधीच्या थंडीत भाऊ गेले. दोन्ही गट हारतुरे घेऊन आले आणि अंगणातच जुंपली, पहिला खांदा कुणाचा, आधी कोण बोलणार. आत ते पडलेले, बाहेर यांची बैठक! पेडगावची माणसं तेवढा वेळ दाराशी उभी होती. मग दादानं डोळ्यानं खुणावलं, चौघं आत गेले आणि तिरडी उचलून चालायला लागले. निम्मी वाट गेल्यावर पुढाऱ्यांना कळलं. मागून धावत आले, टोप्या सावरत.

ती जमीन आज दादाचा नातू करतो. यंदा हुरडा फार गोड उतरलाय. येत्या आठवड्यात या, मी शेतावर घेऊन जाते. आणि कधी यायचं ते ठरवायला समिती नेमू नका. सरळ या.