तातू मेस्त्रींची पावडर

तेल गळणारा ट्रक आला की तातू मेस्त्री आधी त्याच्या इंजिनाला आंघोळ घालायचे आणि मग पावडर लावायचे. पावडर म्हणजे आपली साधी, गुलाबाच्या वासाची, तान्ह्या बाळांना लावतात ती. डिझेलने इंजिन घासून धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं, तळहातावर पावडर घेऊन फुंकर मारत ती इंजिनभर उडवायची, मग इंजिन चालू करून समोर पालथ्या क्रेटवर बसून राहायचं. पांढऱ्यावर पहिला काळा ठिपका जिथे उमटेल तिथे दुखणं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागच्या गल्लीत त्यांच्या गाळ्यासमोरच माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नवऱ्याची पाठ गेली तेव्हापासून काउंटरवर मीच बसते, त्यामुळे इंजिनांचं हे न्हाऊमाखू मी वर्षानुवर्षं पाहत आले.

ड्रायव्हर लोक वैतागायचे. प्रत्येकाला घाई. "अहो मेस्त्री, खालून गळतंय, चेंबरचं पॅकिंग बदला आणि सोडा ना यार!" मेस्त्री मान वर करत नसत. "खालसून गळता म्हणान खालीच फुटला असा नाय रे. तेल वरसून येता, पंख्याच्या वाऱ्यान मागे जाता नि खाली येवन ठिपकता. आधी तेका तोंड धुवक दी, मगे बोलूया." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक तावातावाने दुकानात शिरलं की माझ्याही तोंडी येतं.

माणूस उंच, पण ट्रकखाली वाकून वाकून अर्धा फूट कमी झालेला. शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं. चहा मागवायचे आणि विसरायचे. साय धरलेला गार चहा एका घोटात संपवून पुन्हा खाली शिरायचे. वडील गिरणीत होते, त्यांच्यामागून हे लहानपणी मुंबईत आले. मुली लग्न होऊन गेल्या, बायको पार्वतीकाकी मालवणजवळच्या गावी सासू-सासऱ्यांचं करायला म्हणून गेली ती तिथेच राहिली. सासू-सासरे केव्हाच गेले. हे मात्र गाळ्याच्या माळ्यावर, टायरच्या वासात झोपत राहिले.

संध्याकाळी त्यांचा चेहरा पाहवत नसे. डोळे आत गेलेले, हात गुडघ्यावर नुसते टाकलेले. मी म्हणायचे, "मेस्त्री, दमलात. बसा जरा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "दमूक वेळ खंय आसा गो बाय? गावाक जातलंय नि मगे दमतलंय."

दरवर्षी गणपतीला निघताना ते सांगायचे की आता परत येत नाही. मीही दरवर्षी खरं मानायचे. आणि गौरी-गणपती बोळवून हे पिशवीत कोकम नि नारळ घेऊन परत हजर. "काय करतलंय? ट्रक उभो रवलो आसा." जगातले सगळे ट्रक जणू यांच्याच नावाने उभे राहतात! मला राग यायचा. काकी तिकडे वाट बघत म्हातारी झाली आणि हे इथे दुसऱ्यांच्या गाड्यांना पावडर लावत बसलेत.

पण त्या वर्षी गोष्ट खरी होती. छातीत दम लागायला लागला होता, डॉक्टरांनी ट्रकखाली शिरायला बंदी केली होती. मेस्त्रींनी गाळा मालकाला परत केला, पाने आणि जॅक विकून टाकले. गणपतीच्या आधी, रात्रीच्या बसने कायमचं जायचं ठरलं. दुपारी त्यांची बॅग माझ्या काउंटरमागे आणून ठेवलेली. बस बोरिवलीहून सुटून हायवेला यायची, तिथवर मीच रिक्षाने सोडायला जाणार होते. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, मेट्रोच्या खांबापाशी, मासळीचा ट्रक वळला. मागे रस्त्यावर तेलाचे थेंब.

ट्रक वेसाव्याच्या हिराबाईंचा. बंदरावरची मासळी बाजारात न्यायला त्यांच्याकडे हा एकच. नारळी पौर्णिमा झालेली, होड्या दर्यात गेलेल्या, ऐन हंगाम. मागचं सील बदललं, वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, खालच्या चेंबरचं तर दोनदा. शेवटचं माझ्याच दुकानातून गेलं होतं. तरी तेल थांबत नव्हतं. आता दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की इंजिनच खोला.

"मेस्त्री, इंजिन खोललं त गारी किती दिवस उभी रेल?" हिराबाई केबिनमधून उतरता उतरताच म्हणाल्या. "होरीवाले काय माजी वाट बघतील? माल दुसऱ्याच्या गारीन जाल, नि एकदा गेला का गेला."

"ते आज गावाला चाललेत," मीच मध्ये तोंड घातलं. "गाळाही दिलाय. तुम्ही दुसरीकडे बघा." मला त्या वेळी हिराबाईंची जराही दया आली नाही, हे खरंच आहे. मेस्त्री रस्त्यावरच्या थेंबांकडे बघत राहिले. मग शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले आणि मी कपाळाला हात लावला.

त्यांनी गाळ्याच्या नव्या भाडेकरूकडून उसने पाने आणले, माझ्याकडून डिझेलसाठी डबा घेतला आणि पावडर काढायला बॅग उघडली. कायमचं गावी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत पावडरचा डबा कशाला, असं मी विचारलं नाही. गल्लीतच इंजिन धुतलं, पांढरं केलं. हिराबाईंचा भाचा दिनेश गाडी चालवायचा, त्याने इंजिन चालू केलं. नेहमी एक ठिपका उमटायचा. त्या दिवशी टॅपेट कव्हरला उमटला, पाठोपाठ चेंबरला, मग पुढच्या सीलला. पावडर सगळीकडून एकदम भिजायला लागली.

मेस्त्रींनी तेल भरायचं झाकण उघडलं, तसा भस्सकन धूर बाहेर आला. दिनेशचा चेहरा उतरला. एवढा धूर म्हणजे पिस्टन गेले, म्हणजे इंजिन खोलायचंच, एवढं मलाही कळत होतं. हिराबाई पदर तोंडाला लावून माझ्या पायरीवर बसल्या. तेव्हा मात्र मी त्यांना पाणी दिलं.

"काय झालां?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांब गो. सगळीकडसून रडता म्हणजे दुखणा भलतीकडेच आसा." असं म्हणून, डॉक्टरांची बंदी आणि माझी आरडाओरड बाजूला सारून, मेस्त्री ट्रकखाली शिरले. बराच वेळ आतून नुसता खोकला ऐकू येत होता. मग एकदम हसू. "दिनेशा, हयसर ये रे मेल्या. ह्या काय?"

इंजिनाच्या आतली वाफ आणि धूर बाहेर सोडणारी एक नळी असते, तिचं तोंड खाली मोकळं असतं. त्या तोंडात जाळं तरंगत ठेवणाऱ्या फ्लोटचा कापलेला तुकडा ठासून बसवला होता आणि वरून नायलॉनच्या दोरीने असा आवळला होता की समुद्रातही सुटला नसता.

दिनेश खाली मान घालून म्हणाला, "बंदरावर ठिपकायचा ना तेल. जिथं म्हावरा वततात तिथंच. बायका शिव्या घालायच्या. म्हनून बांदला, पावसाच्या आधी."

"गाठ बरी मारलंस. पण तेचा नाक कित्याक दाबलंस? श्वास सोडूक जागा नाय, मगे ता फुगता नि जंय फट गावता थंयसून तेल बाहेर ढकलता. नवीन सीलां घालून काय होतला?" ती गाठ मेस्त्रींना सुटली नाही. शेवटी माझ्या दुकानातल्या सुरीने कापली.

नळी मोकळी झाली. फुटलेलं टॅपेट कव्हरचं पॅकिंग तेवढं नवं घातलं. नळीखाली एक बाटली तारेने बांधली, म्हणजे बंदरावर थेंब पडायला नको. पुन्हा धुणं, पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन चालू. आम्ही चौघं त्या पांढऱ्या इंजिनाकडे बघत उभे होतो. ते पांढरंच राहिलं. "पिस्टन थोडे झिजलेत," मेस्त्री म्हणाले, "पण गाडी हंगाम काढतली. मासळी बंद झाली काय खोला." हिराबाईंनी त्यांचे तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

बस केव्हाच निघून गेली होती. पार्वतीकाकीला फोन मीच केला, चोरासारखा. ती शांतपणे म्हणाली, "माका म्हायत होता. ट्रकच आडवो इलो असतलो. उद्या तरी धाड गो तेंका."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. त्यांच्यासमोर आणखी एखादा ट्रक यायला नको म्हणून त्यांना घरी जेवायला नेलं आणि तिथूनच हायवेला नेऊन बसमध्ये बसवलं. खिडकीतून ते म्हणाले, "येतंय गो." मी ओरडलेच, "येऊ नका! दमा तिकडे." ते हसले.

गणपती झाले, दिवाळी झाली. मेस्त्री खरंच परत आले नाहीत. मी रोज म्हणायचे, उद्या फोन करू. मग एका दुपारी माझ्याच मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं. मी नेहमीसारखं फटकारलं, "काय मेस्त्री, विसरलात ना आम्हाला?" पलीकडे पार्वतीकाकी होती. मेस्त्री आदल्या दिवशी पहाटे झोपेतच गेले होते.

मला रडू फुटलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तरी आवरेना. सगळं आयुष्य राबून त्या माणसाला मिळालं काय, तर मूठभर महिने. असंच काहीतरी मी काकीला बोलले असेन. तिचा आवाज मात्र माझ्यापेक्षा स्थिर होता.

"असा म्हणा नको गो. इले त्या दिवसापासून ते नुसते पडवेत बसत. चाय गरम असतानाच पियत. झोपत, उठत नि परत झोपत. कोणी कायव काम सांगूक इलो तर म्हणत, मी दमलंय. मी तेंका एकदाव उठवलंय नाय." मग म्हणाली, "पोटभर दमले गो बाय."