केरीचा पाचवा कप

आज मी अमेरिकेत टिकून आहे तो तळमजल्यावरच्या आयरिश काकांमुळे, आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या बॉस्टनमध्ये दुसरा नसेल. नववीत शाळा सोडलेला मी इथे एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आलो आणि वर्षाच्या आत ते हॉटेलच बंद पडलं. काका या बिल्डिंगची देखभाल करतात. खोली मागायला गेलो, तर त्यांनी काही न विचारता माझ्या अंगावर कोबीचा गड्डा फेकला. मी घाबरून तो छातीशी धरला. "राहा," काका म्हणाले. "झेल सोडणाऱ्याला मी खोली देत नाही."

माणसं, हवा, पाद्रीबाबांचं प्रवचन, सगळं ते त्यांच्याकडच्या गेलिक फुटबॉलवर तोलतात. हा चेंडू हातात धरायचा आणि लाथेनेही मारायचा. त्यामुळे काका पाव कापतानासुद्धा कोणी हिसकावून नेईल अशा धास्तीने कोपरं बाहेर काढून बसतात. त्यांचा केरी जिल्हा सलग चार वर्षं आयर्लंडचा विजेता होता. सलग पाच कुणालाच जमलं नव्हतं. ब्याऐंशी साली काकांनी जाहीर केलं, "पाचवा कप आला की मी गावी जाणार." तीस वर्षांत ते गेले नव्हते. बॅग भरून दाराशी ठेवली. मी मात्र धास्तावलो. ते गेले की मला हाक मारणारं इथे कोण? देवाकडे काय मागावं तेच कळेना.

फायनलच्या रविवारी सकाळी मी दुधाच्या पावडरचे पेढे घेऊन गेलो. काका कडाडले, "निकालाआधी मिठाई? तिकडे गाढवांनी आधीच पाचव्या कपाचे शर्ट छापलेत, इथे तू! बाहेर ठेव!" डबा खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर गेला. रेडिओची तार माझ्या हातात आली, कारण मी धरली की आयर्लंड स्पष्ट ऐकू यायचं.

"हलू नकोस, पोरा!"

"काका, नाक खाजतंय."

"उद्या खाजव!"

दोन मिनिटं उरली तेव्हा केरी दोन गुणांनी पुढे होतं. मग समोरच्या संघाच्या, म्हणजे ऑफली जिल्ह्याच्या, बदली खेळाडूने गोल मारला. गोलाचे तीन गुण. केरी एका गुणाने हरलं. मी तार धरून तसाच उभा. काकांनी रेडिओ बंद केला, पेढ्यांचा डबा उचलला आणि रस्त्यापलीकडच्या, मूळच्या ऑफलीच्या खाटकाला देऊन आले. ज्याच्याशी ते वर्षानुवर्षं बोलले नव्हते, त्याला! "मिठाई जिंकणाऱ्याची," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात लावले. मी चाचरत म्हटलं, "काका, हरलात तरी जा ना."

"जिंकलो असतो तर तिथे कुणीही कुणाला मिठी मारली असती," ते म्हणाले. "एरवी मला ओळखणारं कोण उरलंय?"

माझ्या मनातली धास्ती त्या क्षणी गेली आणि तिच्या जागी काहीतरी जड येऊन बसलं. काका, एक दिवस मी तुम्हाला गावी पाठवीन, केरी हरलेल्या वर्षीसुद्धा. तुमच्या आधी जाऊन तिथल्या स्टेशनात उभा राहीन, आणि तुम्ही गाडीतून उतरलात की सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारीन.