एका रिंगवर निकाली
नगरपालिकेच्या तक्रार विभागात त्याला खुद्द साहेबसुद्धा 'एकरिंगे' म्हणत. खरं आडनाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. हे बारसं कसं झालं, तेही ऐकून ठेवा.

नियम असा, की तक्रार सात दिवसांत निकाली निघालीच पाहिजे. काम झालं नसेल, तर सातव्या दिवशी तक्रारदाराला फोन करायचा. त्यानं उचललाच नाही, तर 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून तक्रार बंद. नियमाला भोक कुठे आहे ते उंदराला आधी कळतं. एकरिंगे नंबर फिरवायचा, पलीकडे एकदा वाजलं की रिसीव्हर खाली! दुपारच्या चहाआधी चाळीस तक्रारी गारद. खड्डे जागच्या जागी, दिवे बंदच. कागद मात्र कसा गुळगुळीत.

त्या वर्षी निपटाऱ्यात हे कार्यालय जिल्ह्यात पहिलं आलं. लाकडी ढाल मिळाली. साहेबांनी ती आठवडाभर त्याला घरी न्यायला दिली.

"मोरीतला नळ तीन महिने गळतोय," बायको म्हणाली, "त्यालाही एक रिंग द्या की!"

टोमणा त्यानं हसण्यावारी नेला. रविवारी ढाल पिशवीत घालून आत्याकडे निघाला. आई गेल्यावर याला वाढवलं ते आत्यानं. तिच्यापुढे नाही मिरवायचं, तर कुणापुढे?

दाराशी पोचला आणि थबकला. उंबऱ्यासमोरच्या गटाराचं झाकण गायब. त्यावर मोडक्या कपाटाचं दार टाकलेलं, पाय ठेवला की कुरकुरणारं.

"डाव्या कडेनं ये रे, मधे दबतं ते!" आत्या आतून ओरडली.

"हे कधीपासून?"

"झाले की दोन महिने. तीनदा तक्रार दिली."

"मग मला नाही का सांगायचं?"

"तुझा वशिला कशाला? गल्लीभर गटारं उघडी, आणि माझंच तेवढं झाकायचं होय?" तिनं चहाचा कप पुढे केला. "तुमचं ऑफिस मात्र चांगलं हो. सातव्या दिवशी न चुकता फोन येतो. मीच करंटी. फोन त्या फळीवर, नि गुडघे हे असे. उठेपर्यंत बंद होतो. परवा धावत गेले, तर आपटले." तिनं कोपर दाखवलं. काळंनिळं. "त्या बिचाऱ्याला सांगशील? म्हणावं, म्हातारी मुद्दाम नाही करत. दोन रिंगा जास्त दे."

त्यानं कप खाली ठेवला. त्याच्या यादीत नुसता तक्रार क्रमांक आणि फोन नंबर असे. आत्याचा नंबर मोबाइलमध्ये 'आत्या' म्हणून होता. आकडे कुणाला पाठ असतात? पिशवी त्यानं पायानंच खाटेखाली सरकवली. 'तो मीच' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. पण पहिल्या रिंगला पळ काढायची सवय, ती जीभ कुठली थांबते?

"सांगतो," म्हणाला, आणि चोरासारखा डाव्या कडेनं सटकला. पिशवी तिथेच राहिली.

सोमवारी त्यानं तिच्या तिन्ही तक्रारी पुन्हा उघडल्या.

"अहो एकरिंगे, आपला नंबर घसरेल ना!" शेजारचा कारकून दचकला.

यानं नंबर फिरवला. एक. दोन. हात सवयीनं खाली निघाला. दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला. अकराव्या रिंगला धापा टाकत आवाज आला, "आले, आले! ठेवू नका साहेब!"

"आत्या, मी बोलतोय."

"तू होय? ठेव बाबा, ऑफिसचा फोन यायचाय."

"हा ऑफिसचाच. तो फोन करणारा मीच गं. तिन्ही वेळा मीच होतो."

पलीकडची धाप हळूहळू शांत झाली. त्याला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खाटेखाली ढाल सापडली तुझी," अखेर ती म्हणाली. "वाचली. लाकूड चांगलं जाड आहे. गटारावरच्या त्या दाराला भोक पडलं होतं, त्यावर टाकलीय. झाकण आणशील तेव्हा घेऊन जा."

"आजच माणसं पाठवतो, आत्या."

"आज नको. माझ्याआधी ज्यांचे फोन वाजवलेस, त्यांचं आधी. मी थांबते रांगेत."

तिनं फोन ठेवला. एकरिंगेनं जुनी यादी काढली. तिच्यापुढे दोनशे छत्तीस जण होते, आणि शुक्रवारी साहेबांना ढाल परत हवी होती. त्यानं मान खाली घालून पहिला नंबर फिरवला, आणि कोणी उचलेपर्यंत रिसीव्हर कानाशीच धरून बसला.